पिशवीवरचा टॅग आणि संगणकातले पॅकेज

मृग नक्षत्र जवळ आले की वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा अशा साऱ्या तालुक्यांच्या गावी कृषी सेवा केंद्रांपुढे सोयाबीनच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. घरी आलेली अशी पिशवी तुम्ही कधी नीट न्याहाळली आहे काय? प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळ्या रंगाचा एक टॅग असतो. त्यावर पिकाचे नाव, वाणाचे नाव, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, तर पैदासकार बियाण्याचा सोनेरी पिवळा. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार ही व्यवस्था चालते. आपल्या राज्यातील बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालय आपल्या शेजारच्या अकोल्यातच आहे.

पण सगळेच शेतकरी टॅगचे बियाणे पेरतात असे नाही. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्यामुळे घरचे निवडक बियाणे पुढच्या वर्षी पेरता येते. कोणी ते पाहुण्याकडून आणतो, तर कोणी बाजारातून बिनपावतीचे घेतो. यांतले काही उत्तम उगवते, काही उगवतच नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या होत्या. म्हणजे टॅग नाही म्हणून बियाणे वाईटच असे नाही, आणि टॅग आहे म्हणून काळजीच नको असेही नाही. मग टॅग नेमके सांगतो तरी काय?

हाच प्रश्न संगणकात नवे सॉफ्टवेअर बसवतानाही पडतो. तुमच्यापैकी कित्येकजण शाळेच्या किंवा घरच्या संगणकावर लिनक्स वापरत असतील, पायथॉन किंवा सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकत असतील. कधीतरी पुस्तकातला प्रोग्रॅम चालत नाही, कारण संगणकावरची आवृत्ती जुनी असते. मग कोणी सांगतो, "अमक्या भांडाराचा पत्ता टाक आणि तिथून नवी आवृत्ती घे." दोन ओळी टंकल्या की काम झाले! त्या दोन ओळींनी खरोखर काय घडते, ते आज आपण समजून घेऊ.

पॅकेज म्हणजे काय?

विहिरीवर पंप बसवायचा तर नुसती मोटर आणून भागत नाही. स्टार्टर लागतो, केबल लागते, पाइप लागतो, फूटव्हॉल्व्ह लागतो. शिवाय पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडाशी जुळावा लागतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. एखादा प्रोग्रॅम चालायला इतर दहा-वीस लहान प्रोग्रॅम लागतात, आणि तेही ठरावीक आवृत्तीचे.

ही कटकट टाळण्यासाठी ‘पॅकेज’ ही कल्पना निघाली. पॅकेज म्हणजे एक गाठोडे. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, खुद्द प्रोग्रॅमच्या फायली. दुसरी, एक चिठ्ठी. तिच्यावर ‘मला अमुक आवृत्तीची अमुक पॅकेजे लागतात’ अशी यादी असते. आणि तिसरी गोष्ट, बसवताना आपोआप चालवायच्या काही आज्ञा. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

अशी गाठोडी जिथे साठवतात त्या जागेला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. आपण तिला भांडार म्हणू. १९९३ साली इयान मरडॉक यांनी ‘डेबियन’ नावाची लिनक्स प्रणाली सुरू केली. ती जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात. जून २०२३ मध्ये तिची बारावी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या अधिकृत भांडारात चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. यांतली कुठलीही पॅकेजे एकमेकांशी जुळतील याची काळजी तिथे घेतलेली असते.

मग बाहेर का जावे लागते?

याचे कारण मोठे गमतीचे आहे. अधिकृत भांडार मुद्दाम जुने ठेवलेले असते! डेबियनची एक स्थिर आवृत्ती निघाली की तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या गोठवतात. पुढे फक्त दोष दुरुस्त करायचे, नवी वैशिष्ट्ये घालायची नाहीत. डेबियन १२ मध्ये पायथॉनची ३.११ ही आवृत्ती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथॉन ३.१२ बाहेर पडली, म्हणून ती डेबियन १२ मध्ये येऊन बसली नाही. ज्या संगणकावर बँकेचा किंवा रुग्णालयाचा कारभार चालतो, तिथे ही स्थिरता फार मोलाची असते. पण जो नवी भाषा शिकतो आहे त्याला मात्र नवे अवजार हवे असते.

ही गरज भागवण्यासाठी बाहेरची भांडारे उभी राहिली. उबुंटू प्रणालीसाठी २००७ पासून ‘पीपीए’ म्हणजे व्यक्तिगत भांडारांची सोय झाली. कोणालाही आपले भांडार उघडता येऊ लागले. पायथॉनच्या निरनिराळ्या आवृत्त्या पुरवणारे ‘डेडस्नेक्स’ हे असेच एक प्रसिद्ध भांडार. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांचे ‘एयूआर’ नावाचे भांडार आहे. त्यात तयार पॅकेज नसते, तर पॅकेज कसे बनवायचे याची कृती असते.

येथे एक गैरसमज दूर करू. अनधिकृत म्हणजे बेकायदेशीर नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात प्रती करण्याची आणि वाटण्याची मुभा दिलेलीच असते. अनधिकृत याचा अर्थ एवढाच, की मूळ प्रणाली चालवणाऱ्यांनी त्या मालाची जबाबदारी घेतलेली नाही. पाहुण्याच्या घरचे बियाणे आणणे हा काही गुन्हा नाही. मात्र ते उगवले नाही तर दाद मागायला कोणाकडे जाणार?

तीन गिगाबाइटचा आळस

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. ॲपल कंपनीच्या आयफोनसाठी ॲप बनवायचे तर ‘एक्सकोड’ नावाचे सॉफ्टवेअर लागते. ते ॲपल फुकट देते. पण ती फाईल तीन गिगाबाइटच्या घरातली, आणि चीनमधून ॲपलच्या संगणकांशी जोडणी फार मंद चाले. तेव्हा तिथल्या अनेक प्रोग्रॅमरांनी सोपा मार्ग धरला. बायडू कंपनीच्या फाइल साठवण्याच्या सेवेवर कोणीतरी एक्सकोडची प्रत ठेवली होती. ती झटपट उतरत असे.

पण ती प्रत शुद्ध नव्हती. कोणीतरी तिच्यात आपला एक तुकडा घातला होता. त्या एक्सकोडने बनवलेल्या प्रत्येक ॲपमध्ये तो तुकडा आपोआप शिरे आणि वापरणाऱ्याच्या फोनची माहिती परस्पर दुसरीकडे पाठवी. ॲप लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नसे. त्याने आपला प्रोग्रॅम कितीही वेळा तपासला असता तरी त्यात काही सापडले नसते, कारण खोट त्याच्या लिखाणात नव्हती, त्याच्या अवजारात होती. अशी ॲपे ॲपलच्या अधिकृत दुकानात जाऊन बसली. त्यांत कोट्यवधी लोक वापरत असलेले ‘वीचॅट’ही होते. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि या प्रकाराला ‘एक्सकोडघोस्ट’ असे नाव पडले. पुढे २०२१ साली एका न्यायालयीन खटल्यात ॲपलची अंतर्गत पत्रे उजेडात आली. त्यांवरून दिसले, की अशी अडीच हजारांहून जास्त ॲपे सुमारे १२ कोटी ८० लाख ग्राहकांनी उतरवून घेतली होती.

कांडी यंत्राच्या जात्यातच खडा असेल तर कोणाच्याही घरचे तिखट दळा, खर येणारच! म्हणूनच प्रोग्रॅम बनवण्याची अवजारे कुठून घ्यायची हा प्रश्न खेळ किंवा चित्रे कुठून घ्यायची याहून अधिक गंभीर आहे. एका अवजाराच्या खोटेपणाचा उपद्रव त्या अवजाराने बनलेल्या सगळ्या वस्तूंना होतो.

युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी हा धोका फार पूर्वी दाखवून दिला होता. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी सांगितले, की कंपायलरमध्येच लबाडी लपवता येते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारे अवजार. त्यातली लबाडी इतकी बेमालूम असू शकते, की मूळ मजकूर वाचून ती सापडणार नाही.

पहिला पहारेकरी : हॅश

मग वाटेत माल बदलला गेला की नाही हे ओळखायचे कसे? त्यासाठी गणित धावून येते.

समजा, तुम्हाला एक संख्या पाठवायची आहे : ४७२. तिच्यासोबत तुम्ही एक खूण पाठवता. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने आणि तिसऱ्याला ३ ने गुणून बेरीज करायची. ४ + १४ + ६ = २४. वाटेत कोणी चुकून ७४२ केले तर बेरीज येईल ७ + ८ + ६ = २१. खूण जुळली नाही, म्हणजे गडबड झाली हे कळले.

पण लबाड माणूस ही खूण सहज फसवील. तो २५४ पाठवील. करून पाहा : २ + १० + १२ = २४! तेव्हा खूण अशी हवी, की तीच खूण देणारा दुसरा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य व्हावे. अशा खुणेला ‘हॅश’ म्हणतात. आज सर्रास वापरली जाणारी ‘एसएचए-२५६’ ही पद्धत कितीही मोठ्या फाईलची २५६ बिटांची खूण काढते. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी खुणेतले जवळजवळ निम्मे बिट बदलतात. अशा एकूण किती खुणा संभवतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या. हवी ती खूण येईपर्यंत फाईल बदलत बसण्याला सारे आयुष्य काय, सूर्याचे आयुष्यही पुरणार नाही.

तथापि, हॅशमध्ये एक उणीव आहे. फाईल आणि तिची खूण एकाच ठिकाणी ठेवली, आणि चोराने दोन्ही बदलल्या तर? खूण जुळेल, पण माल खोटाच असेल. म्हणजे खूण बरोबर असणे पुरेसे नाही. ती खूण कोणी दिली हेही कळायला हवे.

दुसरा पहारेकरी : सही

हा प्रश्न नवा नाही. आपल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. ती वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेतला राजा विंध्यशक्ती (दुसरा) याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. एक गाव दान दिल्याचा तो लेख आहे. अशा दानपत्रांचे पत्रे कडीने जोडून त्यांवर राजमुद्रा बसवण्याची चाल होती. तरीही लबाडी होतच असे. उत्तर भारतातल्या हर्ष राजाच्या मधुबन ताम्रपटात, खोट्या शासनपत्राच्या आधारे एकाने गाव बळकावले होते व ते पत्र मोडून टाकले, असा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याच्याकडे कुशल कारागीर, त्याला मुद्रा बनवता येई.

आजची जमिनीची कागदपत्रे पाहा. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात अंकीय सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर ना शाईची सही ना रबरी शिक्का. तिथली सही म्हणजे एक मोठी संख्या असते, आणि ती बनावट तयार करणे कुशल कारागिरालाही जमत नाही. पॅकेजांवरची सही याच जातीची असते.

तिच्यात दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, सही करणाऱ्याजवळच राहणारी. दुसरी जाहीर, सर्वांना वाटलेली. एक लहानसे उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन सोडवा. जाहीर किल्ली : ३ आणि ३३. गुप्त किल्ली : ७. आपली मघाची खूण होती २४. सही करणाऱ्याने २४ चा ७ वा घात काढून त्याला ३३ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. मोठा गुणाकार नको असेल तर प्रत्येक पायरीला ३३ ने भागून बाकी घेत चला :

२४ × २४ = ५७६, बाकी १५. हा झाला दुसरा घात.
१५ × १५ = २२५, बाकी २७. हा चौथा घात.
२७ × १५ = ४०५, बाकी ९. हा सहावा घात.
९ × २४ = २१६, बाकी १८. हा सातवा घात.

म्हणजे सही झाली १८. आता ४७२ ही संख्या आणि १८ ही सही घेऊन तुम्ही मित्राकडे पाठवली. मित्राजवळ फक्त जाहीर किल्ली आहे. तो १८ चा ३ रा घात काढतो : ५८३२. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते २४. मग तो आलेल्या संख्येची खूण स्वतः काढतो. तीही २४. जुळले! वाटेत कोणी ४७२ चे ७४२ केले असते तर खूण आली असती २१, आणि सहीने दाखवले असते २४. चोरी पकडली गेली असती. (२५४ ची फसवणूक मात्र इथे खपून गेली असती, म्हणून भक्कम हॅशही हवाच.)

आता चाणाक्ष वाचक विचारतील, की ३ आणि ३३ ठाऊक असताना ७ शोधणे काय कठीण आहे? बरोबर! ३३ चे ३ आणि ११ असे अवयव पडतात. त्या प्रत्येकातून १ वजा करून गुणले, की २ × १० = २०. ज्याला ३ ने गुणून २० ने भागल्यावर बाकी १ उरते असा अंक म्हणजे ७. पण खऱ्या सहीत ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. तिचे अवयव पाडण्याची पुरेशी जलद रीत आजच्या संगणकांना सापडलेली नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी शोधलेली ही पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते.

डेबियनच्या भांडारात या दोन पहारेकऱ्यांची साखळी केलेली असते. प्रत्येक पॅकेजची खूण एका यादीत, त्या याद्यांच्या खुणा आणखी एका फाईलीत, आणि त्या शेवटच्या फाईलीवर सही. त्यामुळे चौसष्ट हजार सह्या कराव्या लागत नाहीत, एकच पुरते. शिवाय पॅकेजची प्रत कुठूनही घेतली तरी चालते. अशा प्रती ठेवणाऱ्या जागांना ‘मिरर’ म्हणजे आरसे म्हणतात. कानपूरच्या आयआयटीनेही असा आरसा चालवलेला आहे. आरशावर विश्वास ठेवायची गरजच नाही, कारण सही तुमचा संगणक स्वतः तपासतो. एक्सकोडच्या त्या प्रतीबाबत नेमके हेच झाले नाही. खोटी प्रत बसवताना सहीची तपासणी करणारा ॲपलचा रखवालदार अनेकांनी बंद करून ठेवला होता.

सही काय सांगत नाही?

सही दोनच गोष्टी सांगते : माल कोणाकडून निघाला, आणि वाटेत बदलला नाही. माल चांगला आहे की नाही, हे ती सांगत नाही. चोरानेही आपल्या किल्लीने खुशाल सही करावी, ती जुळणारच!

१६ जुलै २०२५ रोजी एयूआर भांडारात कोणीतरी तीन कृती टाकल्या. नावे अशी, की वेब ब्राउझर दुरुस्त करणारी ती पॅकेजे वाटावीत. प्रत्यक्षात त्या कृती बसवताना दुसरीकडून एक प्रोग्रॅम आणत, आणि संगणकाचा ताबा दूरच्या माणसाच्या हाती जाई. दोन दिवसांत त्या काढून टाकल्या गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पायथॉनच्या भांडारात ‘जेलीफिश’ नावाच्या चांगल्या पॅकेजची नक्कल सापडली. नाव अगदी तेच, फक्त इंग्रजी लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ घातलेला! डोळ्यांना फरक दिसेना.

अधिकृत भांडारे तरी पूर्ण निर्धोक असतात का? फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला. तो घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे निमूटपणे चांगले काम करून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही. कारण शोधत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा डाव जगापुढे मांडला. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या भांडारांत पोचल्या होत्या, पण स्थिर आवृत्तीत नव्हत्या. मघा ज्या जुनेपणाचा आपल्याला कंटाळा येत होता, त्यानेच लाखो संगणक वाचवले!

भांडार जोडणे म्हणजे काय देणे?

आता पॅकेजमधली ती तिसरी गोष्ट आठवा : बसवताना आपोआप चालणाऱ्या आज्ञा. त्या संगणकाच्या मालकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या अधिकाराने चालतात. त्यांना कुठलीही फाईल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. म्हणजे अनोळखी भांडारातले एक पॅकेज बसवणे हे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यासारखे आहे.

दुसरे असे, की भांडार एकदा जोडले म्हणजे ते तिथेच राहते. तुम्ही घेतला फक्त पायथॉन. पण उद्या त्या भांडारात दुसऱ्याच एखाद्या पॅकेजची मोठ्या क्रमांकाची आवृत्ती आली, तर नेहमीच्या सुधारणांबरोबर तीही आत येते. कारण पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम सर्वसाधारणपणे मोठा क्रमांक निवडतो. अशा रीतीने अर्धा माल इथला, अर्धा तिथला झाला की पाइपाचे तोंड पंपाला बसेनासे होते. या अवस्थेला डेबियनचे लोक थट्टेने ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात. गोष्टीतल्या फ्रँकेन्स्टाइनने तुकडे जोडून बनवलेल्या राक्षसाची आठवण म्हणून. शाळेच्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर चाळीस मुले शिकत असतात. तो असा बिघडला, तर फटका चाळिसांना बसतो.

मग करावे काय?

बाहेरच्या भांडाराला हातच लावू नये, असे मी म्हणणार नाही. तसे केले तर शिकणेच थांबेल. पण पायरीपायरीने जावे.

एक : आधी घरात शोधा. डेबियनचे ‘बॅकपोर्ट्स’ नावाचे अधिकृत भांडार आहे. त्यात नव्या आवृत्त्या जुन्या प्रणालीला जुळवून ठेवलेल्या असतात.

दोन : बाहेर जायचेच असेल तर ते भांडार कोण चालवते, किती वर्षे चालवते, आणि मूळ सॉफ्टवेअर बनवणारे लोक त्याचा उल्लेख करतात का, ते पाहा. नावाचे एकेक अक्षर तपासा.

तीन : त्याची जाहीर किल्ली मूळ संस्थेच्या ठिकाणाहून घ्या. ती त्या एका भांडारापुरतीच चालेल अशी नोंद करा. डेबियनमध्ये यासाठी ‘साइन्ड-बाय’ ही सोय आहे. ‘सही जुळत नाही’ असा इशारा आला तर तपासणी बंद करून पुढे जाऊ नका. कुत्रा भुंकला म्हणून कुत्र्यालाच बांधून ठेवण्यासारखे ते होईल.

चार : त्या भांडाराचा अग्रक्रम कमी ठेवा. साधारण भांडाराला ५०० हा क्रम असतो, तर बॅकपोर्ट्सना १००. बाहेरच्यालाही १०० दिला, तर अधिकृत भांडारातल्या पॅकेजांची जागा ते आपण होऊन घेणार नाही. हवे ते पॅकेज मात्र तुम्ही नाव घेऊन मागू शकाल.

पाच : आधी बाजूला चाचणी घ्या. पेरणीपूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सोयाबीनचे किमान सत्तर उगवावेत अशी अपेक्षा असते. संगणकातही असे गोणपाट असते. ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा, लुटुपुटूचा संगणक. तो बिघडला तर पुसून टाकता येतो. नुसत्या पायथॉनच्या पॅकेजांसाठी ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ची वेगळी खोली करता येते. तिने मूळ प्रणालीतली पॅकेजे आहेत तशी राहतात. पण ती खोली म्हणजे तुरुंग नव्हे. आत आलेला लबाड प्रोग्रॅम तिथून तुमच्या फायली वाचू शकतो.

सहा : काय, कुठून आणि कोणत्या तारखेला बसवले ते वहीत लिहून ठेवा. शेतकऱ्याला पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपायला सांगतात, ते याच कारणाने. पुढे काही बिघडले तर माग काढता येतो.

शेवटी एक गृहपाठ. एका फाईलीत आपले नाव लिहा आणि लिनक्समधल्या ‘एसएचए-२५६-सम’ या आज्ञेने तिची खूण काढा. मग नावातली एक वेलांटी बदलून पुन्हा काढा. दोन्ही खुणा एकाखाली एक लिहून चौसष्टांपैकी किती चिन्हे जुळतात ते मोजा. दोन निरनिराळ्या खुणांत केवळ योगायोगाने सरासरी चार चिन्हे जुळावीत. असे का, ते तुम्हीच शोधून काढा. प्रत्येक जागी सोळा चिन्हांपैकी एक असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.